रोकड नाकारता येते का?

‘रोख स्वीकारली जाणार नाही’ अशी पाटी काही दुकानांत दिसू लागली आहे. तिला कायद्याचा आधार किती, हे व्यापारी बंधूंनी जाणून घ्यावे.

भारतीय रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम २६ नुसार चलनी नोट देशात कुठेही वैध आहे. विक्रीपूर्वी अट सांगणे वेगळे आणि माल दिल्यावर नोट नाकारणे वेगळे. कारण तेव्हा देणे उभे राहिलेले असते. जुनी उधारी फेडण्यास आलेल्या ग्राहकाची नोटही परत करू नये. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तरी अनेक गल्ल्यांवर ते आजही नाकारले जाते.

याउलट, एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख रुपये वा अधिक रोकड घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. एका बिलाची रक्कम तुकड्यांनी घेतली तरी सुटका नाही. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. तेथे नम्रपणे नकार देणे हेच कर्तव्य होय.

या मर्यादेच्या आत मात्र, मोबाईल न वापरणारी वृद्ध माउली नोट घेऊन आली, तर तिला रिकाम्या हाती पाठवू नये. पेढीची पत अशाच ग्राहकांनी उभी केली आहे.