रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीची काही मिनिटे : जवळ बाळगावयाची प्रथमोपचार पेटी

आपल्या अपघात विभागाच्या नोंदी माझ्या नजरेखालून जातात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने पुढील माहिती विभागातील डॉक्टर व परिचारिकांकडून समजून घेऊन देत आहे. निमित्त एका घटनेचे. महामार्गावर मांडीस खोल जखम झालेल्या एका तरुणास नातेवाइकांनी मोटारीतून आणले. परंतु अतिरक्तस्रावाने तो वाटेतच दगावला होता. मोटारीत प्रथमोपचार पेटी होती. मात्र ती डिकीत सामानाखाली राहिली, आणि तीत कापूस, आयोडिन व चिकटपट्ट्या एवढेच होते.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. मोठी रक्तवाहिनी तुटल्यास काही मिनिटांतच प्राण जाऊ शकतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तथापि ती येईपर्यंतचा काळ जवळच्या माणसानेच सांभाळावयाचा असतो.

पेटीत पुढील वस्तू असाव्यात :

१) हातमोज्यांचे दोन जोड.
२) निर्जंतुक गॉजच्या मोठ्या घड्या व रुंद क्रेप बँडेज. गॉज जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी सतत दाबावे. थांबले का, हे पाहण्यासाठी वारंवार उचलू नये. कापूस जखमेत चिकटतो, म्हणून तो थेट लावू नये. हळद वा कॉफीची पूडही भरू नये.
३) टूर्निकेट, म्हणजे आवळण्याची दांडी असलेला रुंद पट्टा. हातापायाचा रक्तस्राव दाबाने थांबत नसेल तरच तो जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळावा. वेदना होतात, तरी रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नये. दोरी वा तार त्याची जागा घेऊ शकत नाही. स्वस्त नक्कल ऐन वेळी तुटते. खरेदीत येथे काटकसर नको.
४) पट्टा बांधल्याची वेळ लिहिण्यास मार्कर पेन.
५) कपडे कापण्यास बोथट टोकाची कात्री व त्रिकोणी पट्टी.

शरीरात रुतलेली वस्तू उपसून काढू नये.

पेटी चालकाच्या हाताशी ठेवावी. दुचाकीस्वारांनी छोटी पिशवी पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावी. उन्हात तापणाऱ्या गाडीत हातमोजे व चिकटपट्ट्या खराब होतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. पेटी कोठे आहे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे.

पोलीस-कोर्टाच्या भीतीने अनेक जण अपघातग्रस्तापासून दूर राहतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

दाब देण्याची व पट्टा आवळण्याची रीत वाचून येत नाही. आमच्या परिचारिका ती इच्छुकांस करून दाखवितात. रुग्णास भेटावयास याल, तेव्हा अर्धा तास काढून अवश्य शिकून घ्यावी, ही विनंती.