अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीत बिऱ्हाड

परदेशात सेवेसाठी जायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पासपोर्ट आणि विमान येते. खरी परीक्षा मात्र विमानातून उतरल्यावर सुरू होते. घर अनोळखी, भाषा अनोळखी, कामही अनोळखी. वयाच्या ६८ व्या वर्षी ही परीक्षा देणारी एक अमेरिकन नर्स आपल्या मुंबईतच, विक्रोळीच्या कामगार वसाहतीत राहून गेली, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्या बाईंचे नाव लिलियन कार्टर. त्यांचा मुलगा जिमी कार्टर पुढे १९७७ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण बाई विक्रोळीला आल्या त्या कुणाची आई म्हणून नव्हे, तर साध्या स्वयंसेविका म्हणून.

त्या जॉर्जिया राज्यातल्या. तिथे काळ्या माणसांची शाळा वेगळी, बसायची जागा वेगळी. गोऱ्याच्या घरी जायचे तर मागच्या दाराने. आपल्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. लिलियनबाई मात्र काळ्या शेतमजुरांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. एका काळ्या धर्मगुरूचा शिकलेला मुलगा त्यांच्याकडे पुढच्या दाराने येई आणि त्या त्याला दिवाणखान्यात बसवून बोलत. त्या काळी तिथे हे धाडसच होते.

१९५३ साली त्यांचे पती वारले. मुले आपापल्या संसाराला लागली. वय झाले होते, पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. टीव्हीवर त्यांनी ‘पीस कोअर’ची जाहिरात पाहिली. वयाची आडकाठी नाही, असे त्यात म्हटले होते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली सुरू केलेली ही सरकारी योजना. गलेलठ्ठ पगार नाही, निर्वाहापुरता भत्ता घ्यायचा आणि साधारण दोन वर्षे लोकांत राहून काम करायचे. बाईंनी अर्ज केला. तीन महिन्यांचे प्रशिक्षण घेतले आणि १९६६ साली त्या भारतात आल्या. नेमणूक झाली विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत.

घरची माणसे हजारो मैल दूर. आजच्यासारखा हातात फोन नव्हता. आधार फक्त पत्रांचा. ती पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली.

नेमून दिलेले काम कुटुंबनियोजनाचे होते. पण नर्सचा जीव आजाऱ्यापाशी ओढ घेतो. पुढे त्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करू लागल्या आणि तिथेच त्यांचे मन रमले. त्या रोग्यांत कुष्ठरोगीही होते. ज्याच्याजवळ सख्खे नातेवाईकही फिरकत नाहीत, त्याच्या जखमेला हात लावणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कुणाला कळेल?

माणूस परक्या गावी रुळतो तो खोली मिळाली म्हणून नव्हे. जमणारे काम मिळाले आणि आपली वाट पाहणारी माणसे भेटली, की तो रुळतो. बाई एकवीस महिने राहिल्या. १५ ऑगस्ट १९६८ रोजी, आपल्या स्वातंत्र्यदिनी, त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली. १९७७ साली राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी त्या अमेरिकेच्या वतीने भारतात आल्या, तेव्हा विक्रोळीलाही जाऊन आल्या. १९८३ साली त्यांचे निधन झाले.

‘पीस कोअर’चे भारतातले काम १९७६ साली बंद झाले. पण आपल्या देशातून बाहेर सेवेसाठी जाण्याची वाट आजही खुली आहे. संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना १९७० साली ठरली. तिच्यातून भारतीयही दुसऱ्या देशांत जातात. आपल्या वस्तीतली मुले-मुली आज नर्सिंग, इंजिनिअरिंग, शिक्षणशास्त्र शिकत आहेत. त्यांनी याचा जरूर विचार करावा.

मात्र काही गोष्टी घरात बसून आधीच बोलाव्यात. स्वयंसेवकाला निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो, नोकरीचा पगार नव्हे. त्यामुळे घरचे कर्ज त्यावर फिटेल, असा हिशोब मांडू नये. संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत अर्जाला किंवा निवडीला एक पैसाही पडत नाही. तेव्हा त्यांच्या नावाने ‘एवढे हजार भरा, मुलीला पाठवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावावे. राहायचे कुठे, काम नेमके कोणते, आजारी पडल्यास पाहणार कोण, हे लेखी घ्यावे. तिथल्या भाषेची चार वाक्ये इथूनच शिकून जावे.

आणि आई-वडिलांनो, पहिले काही महिने जड जातात. लेकीचा रडवेला फोन आला तर लगेच ‘परत ये’ म्हणू नका. आधी ‘जेवलीस का?’ असे विचारा. मग कामावर कोण कोण भेटले, ते विचारा. ती माणसांची नावे सांगू लागली, की समजा, पोर रुळू लागली.