कुरडई आतून ओली आहे, हे सांगायचं कसं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या कुरडया दुकानदारानं परत पाठवल्या. पाकिटात बुरशी धरली होती. कुणाच्या कुरडया नीट वाळत नाहीत, हे आमच्यातल्या चौघींना आधीच ठाऊक होतं. पण काकू वयानं मोठ्या, गट उभा करायलाही त्याच पुढे. त्यांना बोलायचं कुणी? त्यांच्यासमोर गप्प बसलो आणि नळावर मात्र सगळं बोललो.

नुकसान झाल्यावर भर बैठकीत सगळ्या तुटून पडलो. "तुमच्यामुळंच झालं, तुमचं नेहमीचंच आहे!" काकू उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना त्यांची बचत नातीच्या हातून आली.

मग आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. आधी चुकलो म्हणालो. मग कुरडई मोडून दाखवली. वरून खडखडीत, पण मधले पदर तुटायच्या ऐवजी वाकत होते. "काकू, तुमचा चीक फार छान शिजतो. पण ही आतून ओली राहते. वाळवण कुठं घालता?" तेव्हा कळलं, शेजारी मजला चढल्यापासून त्यांच्या अंगणात दुपारनंतर ऊनच येत नाही. इतके दिवस आम्ही विचारलंच नव्हतं!

तेव्हा सांगायचं ते वेळेवर, एकटीला गाठून, आणि मालाबद्दल, बाईबद्दल नाही. पण नुसतं गोड बोलून मूळ मुद्दा गिळला, तर तीही फसवणूकच. कुरडई ओली असेल तर ओली म्हणायचं.

लिज्जत पापडाचं काम १९५९ साली मुंबईत, गिरगावात, सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. तिथं बहिणी पापड घरी लाटून आणतात आणि ते तपासूनच घेतले जातात. तपासणी सगळ्यांच्याच मालाची असली, की कुणा एकीला बोट दाखवल्यासारखं वाटत नाही, असं आम्हाला वाटतं. आम्हीही आता पाकिटं भरण्याआधी प्रत्येकीच्या डब्यातली एक कुरडई मोडतो, अध्यक्षांच्या डब्यातलीसुद्धा.

काकूंचं वाळवण आता आमच्यातल्या एकीच्या गच्चीवर असतं. आणि मोडून बघायचं काम काकूंकडेच दिलंय. परवा आमचीच कुरडई त्यांनी परत केली. म्हणाल्या, "पोरींनो, हिला अजून एक ऊन दाखवा."