पुस्तकाचें वेड आणि घरचीं माणसें

मुलांना वाचनाचें वेड लागावें अशी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाची इच्छा असते. मात्र तें वेड आपण निवडलेल्या पुस्तकांचें असावें, अशी एक न बोललेली अट त्या इच्छेला जोडलेली असते. मूल भलत्याच पुस्तकावर जीव टाकूं लागलें, कीं वडीलधाऱ्यांचा चेहरा पालटतो. "वाचीत नाहीं" ही तक्रार मागें पडते आणि "हें काय वाचतें!" ही पुढें येते. गेल्या फाल्गुनांत दिंडोरीस आमच्या मामांच्या घरीं घडलेली एक हकीकत या बाबतींत आम्हांस विचार करावयास लावणारी वाटली, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

मामा निवृत्त शिक्षक. घरांत तीन पिढ्या आणि चूल एक. मागील दारापासून द्राक्षांची बाग सुरू होते. मामांची थोरली नात नववींत शिकते. तिला 'हॅरी पॉटर'च्या सात खंडांचें वेड. पांच वेळां सर्व खंड वाचून सहावें पारायण चालू होतें. साडेसातशेंहून अधिक पृष्ठांचा पांचवा खंड जेवतांनाही तिच्या मांडीवर असे. सहामाहींत गणिताचे गुण घसरले तेव्हां मामांनीं समज दिली. वार्षिक परीक्षा जवळ आली तरी फरक दिसेना, तेव्हां एके रात्रीं त्यांनीं सातही खंड ट्रंकेंत घातले, ट्रंक माळ्यावर चढविली आणि किल्ली जानव्यास बांधली.

मुलगी रडली नाहीं, भांडली नाहीं. ती वेळेवर उठे, अभ्यास करी, सांगितलेलें काम करी. फक्त तिनें बोलणें सोडलें. बारा दिवस झाल्यावर मामींचा आम्हांस निरोप आला, "अरे, रडली असती तर समजूत घातली असती. ही तोंडच उघडीत नाहीं. तूं एकदां येऊन जा."

आम्ही गेलों तेव्हां मामांचा राग ओसरला नव्हता. "चेटूक, मंत्र, उडते झाडू! यांत शिकायचें काय? पोर माणसांतून उठून भलत्याच जगांत राहायला गेली आहे," असें ते म्हणाले. आम्हीं सहज विचारलें, "मामा, तुम्ही 'वीरधवल' केव्हां वाचलीत?" मामा क्षणभर थबकले आणि मग हसले. इतिहासाच्या पुस्तकाआड दडवून, कंदिलाच्या उजेडांत ती कादंबरी त्यांनीं दोन रात्रींत संपविली होती आणि त्यापायीं वडिलांचा मारही खाल्ला होता.

हें वेड नवें नव्हे. सन १८६१ च्या सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानानें अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली. पुढें १९१३ सालीं नाथमाधवांची 'वीरधवल' आली. शिकारीच्या वेळीं कड्यावरून कोसळून पायांनीं अधू झालेल्या या गृहस्थानें अंथरुणाला खिळून जें अद्भुत जग उभें केलें, त्यांत महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांतील मुलें रमलीं. प्रत्येक पिढीच्या वडिलांनीं त्या त्या पुस्तकांस नाकें मुरडलीं, आणि प्रत्येक पिढीचीं मुलें मोठीं होऊन आपल्या मुलांच्या पुस्तकांस नाकें मुरडूं लागलीं.

हीं पुस्तकें ज्यांनीं पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. पहिला खंड १९९७ सालीं इंग्लंडांत निघाला. त्याच्या पक्क्या बांधणीच्या प्रती आरंभीं अवघ्या पांचशें छापल्या होत्या. सातवा खंड २००७ सालीं निघाला, तेव्हां मध्यरात्रीं दुकानांपुढें रांगा लागल्या. आतां ऐंशींहून अधिक भाषांत हीं पुस्तकें आहेत. मराठींत तीं भोपाळच्या मंजुल प्रकाशनानें आणलीं, आणि पहिल्या खंडास नांव दिलें 'हॅरी पॉटर आणि परीस'. परीस हा शब्द आपल्या घरांत इतका जुना, कीं परदेशचें पुस्तक त्या एका शब्दानें ओसरीवर येऊन बसतें. कथा एका पोरक्या मुलाची. तो मावशीच्या घरीं जिन्याखालच्या फडताळांत वाढतो; अकराव्या वर्षीं आपण जादूगारांच्या कुळांतले आहों असें त्याला कळतें आणि तो त्यांच्या विद्यालयांत जातो. एकेका खंडांत त्याचें एकेक वर्ष सरतें, आणि वाचणारें मूलही त्याच्या बरोबरीनें वाढतें. मोठमोठ्या मांत्रिकांचे मंत्र जेथें निष्फळ ठरले, तेथें या मुलास तान्हेपणीं वांचविलें तें आईनें त्याच्यासाठीं दिलेल्या प्राणानें. लेखिका रोलिंगबाईंनीं ही कथा १९९० सालीं योजिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची स्वतःची आई वारली. तें दुःख पुस्तकांत पानोपानीं उतरलें आहे.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं मामांस म्हटलें, "एक खंड मला तरी पाहूं द्या." ट्रंक खालीं आली. सहा खंड इंग्रजी होते. पहिला मराठी, पानें सुटूं लागलेला. तो उघडतांच समासांत पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलेल्या तारखा दिसल्या. दर पांच-सहा पानांवर एक तारीख. आम्हांस त्याचा अर्थ लागेना. मामांनीं चष्मा लावला, पुस्तक जवळ घेतलें आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. अक्षर त्यांच्या सुनेचें होतें. मुलीची आई तीन वर्षांपूर्वीं गेली.

स्वयंपाकघर आवरून झाल्यावर, घर निजलें म्हणजे, ती मुलीस रोज थोडें वाचून दाखवी आणि जेथें थांबे तेथें तारीख घाली. सतरांपैकीं बाराव्या प्रकरणांत शेवटची तारीख होती. ती नाशिकच्या रुग्णालयांत हलविण्याच्या आदल्या रात्रीची. पुढचीं पानें कोरीं.

बारावें प्रकरण आहे एका आरशाचें. त्यांत पाहणाऱ्यास स्वतःचा चेहरा दिसत नाहीं; त्याच्या अंतःकरणांतील सर्वांत खोल इच्छा दिसते. पोरक्या मुलाला त्यांत आईबाप दिसतात, आणि तो रात्रीमागून रात्र त्यापुढें जाऊन बसतो. अखेर वृद्ध मुख्याध्यापक न रागावतां त्याच्याजवळ बसतात, आरशाचें मर्म सांगतात, आणि त्यांत हरवून जगणें कसें राहून जातें हें समजावितात. मामांनीं तें प्रकरण ओसरीवर बसून अथपासून इतिपर्यंत वाचलें. मग त्यांनीं नातीला हांक मारली.

"मला कां नाहीं सांगितलेंस, बाळ?"

"तुम्हीं विचारलें नाहींत, आजोबा," ती बारा दिवसांनीं प्रथमच बोलली. "यांत काय आहे तेंही नाहीं विचारलेंत. तेवढ्या पानांपर्यंत मला आईचा आवाज ऐकूं येतो. पुढचें मी एकटीनें वाचलें. संपलें कीं पुन्हां पहिल्यापासून धरतें."

मामांनीं जानव्याची किल्ली सोडून तिच्या हातांत दिली.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर मामांनीं तेरावें प्रकरण मोठ्यानें वाचलें. मामी, मुलीचे वडील, धाकटीं पोरें, सारीं ऐकत बसलीं. प्रकरण संपल्यावर मामांनीं समासांत पेन्सिलीनें तारीख घातली. अभ्यासाची वेळ ठरली, वाचनाचीही ठरली. परीक्षेंत मात्र कांहीं चमत्कार घडला नाहीं. गणितांत मुलगी मध्यमच राहिली.

परीक्षा संपल्यावर मामा तिला आशेवाडीजवळच्या रामशेज किल्ल्यावर घेऊन गेले. आम्हीही बरोबर होतों. सन १६८२ पासून मोगली फौजांना पांच वर्षांहून अधिक काळ झुंजविणारा हा दिंडोरी तालुक्यांतला लहानसा किल्ला. गडावर लोखंडी तोफ नव्हती, म्हणून शिबंदीनें लाकडाच्या तोफा करून त्या कातड्यानें मढविल्या, असें मोगलांकडील इतिहासकार खाफीखान लिहितो. पुढें मोगल सरदारानें मांत्रिकाचा आश्रय केला. त्यानें सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातीं धरून तो फौजेच्या पुढें चालूं लागला. अर्ध्या वाटेवर गडावरून गोफणीचा धोंडा येऊन छातीवर बसला. नाग एकीकडे आणि मांत्रिक एकीकडे!

मुलगी खळखळून हसली. मग म्हणाली, "आजोबा, माझ्या पुस्तकांतही शेवटीं असेंच आहे. जादू पुष्कळ आहे, पण जादूनें कोणी तरत नाहीं." मामा आमच्याकडे वळून म्हणाले, "यांत शिकायचें काय, असें मींच विचारलें होतें ना?"

आतां दुसरा खंड चालू आहे. ती इंग्रजी वाचून मराठींत सांगते आणि मामा तिच्या मराठींतील चुका काढतात. सगळींच पुस्तकें चांगलीं असतात असें आमचें म्हणणें नाहीं. वडिलांनीं निवड करूं नये असेंही नाहीं. परंतु मुलाच्या हातून पुस्तक काढून घेण्यापूर्वीं तें एकदां आपण उघडून पाहावें. मूल त्या पानांशीं कशासाठीं जातें, तें बहुधा समासांतच कोठेंतरी लिहिलेलें असतें.