वसुबारस आणि दुधाचे माप

आज आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस. दीपावलीच्या मंगल पर्वाचा आरंभ आपल्याकडे होतो तो सवत्स धेनूच्या पूजनाने. वारणाकाठच्या गावांतही आज तिन्हीसांजेला गाय-वासरांच्या कपाळी हळदकुंकू लागेल आणि अंगणात पहिली पणती तेवेल. त्याच घटकेला हाती किटल्या घेतलेली माणसे दूध संस्थेच्या दारी रांगेत उभी असतील. गाईपुढे हात जोडणारा आणि तिचे दूध मापावर घालणारा माणूस एकच. म्हणूनच आजच्या दिवशी एक प्रश्न मनात येतो. नित्याच्या व्यवहारात सचोटी पाळणे अजून फलदायी आहे काय?

पद्मपुराणात नंदा नावाच्या गाईची कथा आहे. वाघाच्या तावडीत सापडलेली ही गाय वासराला अखेरचे दूध पाजून परत येण्याचे वचन देते. प्राणसंकटात असत्याचा दोष लागत नाही, असे सख्या तिला विनवतात. तरीही ती परत जाते आणि तिच्या सत्यनिष्ठेपुढे वाघही नमतो. शेजारच्या कर्नाटकात हीच कथा पुण्यकोटी या गाईच्या नावाने घरोघरी ठाऊक आहे. परंतु आजचा संसारी माणूस म्हणेल, पुराणातला वाघ विरघळला, आमचे वाघ विरघळत नाहीत! हा आक्षेप खोटा नाही. सरळ माणसाला तोटा सोसावा लागतो, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

याचे उत्तर वारणानगरच्या व्यवहारात काही अंशी सापडते. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली तेथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९६८ मध्ये दूध संघ स्थापन झाला. सहकारात असंख्य घरांचे दूध एकाच टाकीत मिसळते. एका किटलीतील लबाडी सर्वांच्या दुधात उतरते आणि एकाच्या सचोटीचा लाभही सर्वांना मिळतो. म्हणूनच तेथे मापाला महत्त्व. ६.६ टक्के स्निग्धांशाच्या १० लिटर दुधात १ लिटर पाणी घातले, तर ११ लिटर दूध होते खरे, पण स्निग्धांश ६ टक्क्यांवर येतो. एकूण स्निग्धांश होता तेवढाच राहतो. दर स्निग्धांशावर ठरला की पाण्याला मोल उरत नाही. १९९८ मध्ये या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला. उसाचे वजन आणि बिलाचा हिशेब शेतकऱ्याला गावातच पाहता यावा, हा त्यातील एक हेतू होता. माप उघड असले म्हणजे सरळ माणसाला एकाकी लढावे लागत नाही.

तथापि माप वाचणारा अखेर माणूसच असतो. उत्पादकाने पाणी घालणे हे जसे पाप, तसेच मापावर बसलेल्याने दशांश चोरणे हेही पाप. किंबहुना दुसरे अधिक मोठे, कारण त्याने सरळ माणसाचाही सरळपणावरील विश्वास उडतो. आणि सारे जगच बुडाले आहे, असे म्हणण्याचेही कारण नाही. २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले गेले. गुणवत्तेच्या कसोटीत पुष्कळ नमुने उणे ठरले, परंतु आरोग्यास घातक अशी भेसळ आढळली ती अवघ्या १२ नमुन्यांत. पहाटे उठून निर्भेळ दूध घालणारी अगणित माणसे आहेत. त्यांची वार्ता होत नाही, एवढेच.

सचोटीने प्रत्येक वेळी पदरात अधिक पडेल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. मात्र ज्या गावात हातातली पावती पुन्हा पडताळावी लागत नाही, तेथे जगणे सुखाचे होते, आणि हे सुख एकट्याला विकत घेता येत नाही. आपण प्रत्येक जण कोठे ना कोठे मापावर बसलेलो आहोत: कोणी दुकानात, कोणी कचेरीत, कोणी शाळेत. नंदेने वचन पाळले, तेव्हा तिचे वासरू ते पाहत होते. आज निरांजन ओवाळताना आपल्या घरातील वासरेही आपल्याकडे पाहत असतात, याचे भान राहिले तरी वसुबारस साजरी झाली असे म्हणता येईल.