शेकरूची नोंद करा, पण नेमकी!

भीमाशंकर - भीमाशंकरच्या दाट रानात फांदीवरून फांदीवर झेपावणारे शेकरू दिसले, की पर्यटकाचा हात मोबाईलकडे जातो. ते छायाचित्र चार मित्रांना दाखविले जाते आणि विस्मरणात जाते. तेच दिनांक व ठिकाणासह ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर नोंदविले, तर तो अभ्यासकांसाठी पुरावा ठरतो. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून २००८ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य नोंद करता येते.

नोंद कशी करावी?
काय दिसले, कधी दिसले, कोठे दिसले आणि पुरावा म्हणून छायाचित्र किंवा आवाज, एवढ्या चार गोष्टी पुरेशा आहेत. रानात रेंज नसली तरी अडत नाही. अ‍ॅप नोंद साठवून ठेवते; ती घरी आल्यावर पाठविता येते. मात्र, गर्द झाडीखाली मोबाईलने टिपलेले ठिकाण चुकू शकते, म्हणून नकाशावरील खूण तपासून घ्यावी. नाव ठाऊक नसल्यास केवळ ‘पक्षी’ किंवा ‘वनस्पती’ असे लिहावे. पुढे जाणकार नाव सुचवितात. किमान दोघांचे आणि मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीविषयी एकमत झाले, की नोंद संशोधनयोग्य मानली जाते.

घरटी अनेक, शेकरू एक
नवख्यांची चूक होते ती मोजणीत. एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधते. त्यामुळे पाच घरटी म्हणजे पाच शेकरू, हा हिशेब फसवा आहे. घरटे दिसल्यास घरटे दिसले एवढेच नोंदवावे. पिले असलेल्या घरट्याजवळ जाऊ नये आणि त्याचे नेमके ठिकाण उघड करू नये. त्यासाठी ‘ठिकाण अस्पष्ट’ ठेवण्याची सोय आहे. तिचा वापर केल्यास नकाशावरील खूण सुमारे वीस किलोमीटर बाजूच्या चौकोनात कोठेही दिसते.

रिकाम्या नकाशाचा अर्थ
भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. लोक जेथे जास्त जातात, तेथील नोंदी जास्त होतात. मंदिराच्या वाटेवर खुणांची गर्दी आणि आडबाजूच्या दरीचा नकाशा कोरा असेल, तर दरीत प्राणी नाहीत असे नव्हे. तेथे पाहणारे कोणी गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोरी जागा पाहून ‘येथे काही नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर नुकसान रानाचेच होते.

ही उणीव स्थानिक रहिवासी सर्वांत चांगली भरून काढू शकतात. हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांना कोणत्या झाडाला कधी मोहोर येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या माहितीला तारखेची जोड मिळाली, तर ऋतुमानातील बदलही टिपता येतील. पाहुण्यांनीही ठिकाणाचे स्थानिक नाव गावकऱ्यांना विचारून लिहावे. नोंदी थोड्या असल्या तरी चालतील. त्या खऱ्या असाव्यात.