पर्यावरणीय आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी

पिण्याचे पाणी, अन्नपदार्थ, सांडपाणी, घनकचरा, निवासस्थाने, कामाच्या जागा, कीटक व कृंतक प्राणी यांच्यापासून माणसाच्या आरोग्यास पोहोचणारा धोका ओळखून तो टाळण्याचे काम करणाऱ्या व्यक्तीची अर्हता तपासणे, तिचे नाव अधिकृत नोंदपुस्तकात दाखल करणे आणि तिचे ज्ञान अद्ययावत असल्याची ठराविक मुदतीने खात्री करून ती नोंद चालू ठेवणे, या व्यवस्थेस पर्यावरणीय आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी असे म्हणतात. वैद्याचा संबंध मुख्यतः रोग झालेल्या व्यक्तीशी येतो, तर या व्यावसायिकाचा संबंध रोगास कारण होणाऱ्या परिस्थितीशी येतो. उपाहारगृह तात्पुरते बंद करणे, विहिरीच्या पाण्याचा वापर थांबविणे, राहण्यास अयोग्य घर रिकामे करावयास लावणे इ. निर्णय त्याच्या अहवालावर अवलंबून असतात. त्याची चूक झाल्यास तिचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात, त्यांनी त्याला बहुधा पाहिलेलेही नसते. रुग्णाला वैद्य निवडता येतो. नागरिकाला आपल्या शहराचा निरीक्षक निवडता येत नाही. नोंदणीची आवश्यकता या परिस्थितीतून निर्माण होते.

इतिहास : या व्यवसायाचा उगम ब्रिटनमधील औद्योगिक शहरांत झाला. लिव्हरपूल येथे १८४४ साली टॉमस फ्रेश यांची ‘उपद्रव निरीक्षक’ म्हणून नेमणूक झाली. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमाने असे निरीक्षक नेमणे नागरी स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. परंतु नेमलेल्या व्यक्तीस कोणते ज्ञान असावे, हा प्रश्न शिल्लक राहिला. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या सॅनिटरी इन्स्टिट्यूट या संस्थेने पुढील वर्षापासून निरीक्षकांसाठी परीक्षा सुरू केल्या. १८८३ मध्ये निरीक्षकांनी स्वतःची संघटना उभारली व सर एडविन चॅडविक (१८००–९०) हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. व्यवसायाची व्याप्ती वाढत गेली, तशी त्याची नावेही बदलली. उपद्रव निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक, सार्वजनिक आरोग्य निरीक्षक (१९५६) व पर्यावरणीय आरोग्य अधिकारी (१९७४) हा क्रम दुर्गंधी आणि उकिरडे यांच्या पाहणीपासून संपूर्ण मानवी परिसराच्या परीक्षणापर्यंत झालेला प्रवास दर्शवितो. या अधिकाऱ्यांच्या संस्थेस १९८४ मध्ये राजसनद मिळाली.

अर्हता व परीक्षा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३७ साली या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना कॅलिफोर्नियात स्थापन झाली. पुढे तिला ‘नॅशनल एन्व्हायर्नमेंटल हेल्थ असोसिएशन’ हे नाव मिळाले. ती ‘नोंदणीकृत पर्यावरणीय आरोग्य तज्ञ’ ही मान्यता देते. काही राज्यांची मात्र स्वतःची नोंदणी मंडळे आहेत. त्यामुळे नोंदणी कोठे कायद्याने अनिवार्य, तर कोठे केवळ नेमणुकीची किंवा बढतीची अट असते. राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त पर्यावरणीय आरोग्य अभ्यासक्रमाच्या पदवीधरास सरळ परीक्षेस बसता येते. अन्य विषयाच्या पदवीधराने विज्ञानविषयांचे किमान ३० सत्र-तास पूर्ण केलेले असावे लागतात व त्यास या क्षेत्रातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. परीक्षेत अन्नसंरक्षण, पेयजल, सांडपाणी, घन व घातक कचरा, रोगवाहक कीटक, निवास, जलतरण तलाव, किरणोत्सर्ग, व्यावसायिक सुरक्षितता आणि आपत्तिकालीन स्वच्छता अशा विषयांचा अंतर्भाव असतो. एकाच विषयातील सखोल ज्ञान येथे पुरेसे ठरत नाही. कारण एका दिवसात खानावळ, शाळेचे स्वयंपाकघर व मलकुंड अशा तीन भिन्न ठिकाणी निर्णय देण्याचा प्रसंग निरीक्षकावर येऊ शकतो.

नोंदणीचे नूतनीकरण : एकदा मिळालेली नोंदणी आजन्म टिकत नाही. वरील संघटनेच्या नियमांनुसार दर दोन वर्षांनी २४ तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण केल्याचे दाखवावे लागते. या अटीमागील कारण १९९३ सालच्या दोन घटनांवरून स्पष्ट होते. त्या वर्षाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत अपुऱ्या शिजलेल्या गोमांसाच्या खाद्यपदार्थातून एशेरिकिया कोलाय या जंतूचा ओ१५७ : एच७ हा घातक प्रकार पसरला, ७०० हून अधिक लोक आजारी पडले व चार मुले दगावली. असे मांस शिजविण्यासाठी तेव्हा केंद्रीय शिफारस ६०° से. तापमानाची होती. वॉशिंग्टन राज्याने ती मर्यादा आदल्या वर्षीच सु. ६८° से. केली होती, परंतु नवा नियम सर्वत्र पाळला जात नव्हता. साथीनंतर केंद्रीय शिफारसही तितकीच वाढविण्यात आली. त्याच वर्षी मिलवॉकी शहरात सार्वजनिक पाणीपुरवठ्यातून क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा प्रसार होऊन सु. ४,०३,००० लोकांना बाधा झाल्याचा अंदाज करण्यात आला. हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमात्रेने मरत नाही. त्यामुळे पाण्यात क्लोरीन आहे एवढे पाहून समाधान मानणे धोक्याचे ठरले व गाळणक्रियेवरील देखरेखीचे महत्त्व वाढले. पदवी घेताना शिकलेला नियम अशा रीतीने काही वर्षांतच अपुरा ठरू शकतो.

मर्यादा : नोंदणी ही किमान पात्रतेची हमी असते, उत्तम कामाची नव्हे. तासांची संख्या भरणे हाच निरंतर शिक्षणाचा हेतू झाला, तर त्यातून ज्ञानवृद्धी होत नाही. निरीक्षकांची अपुरी संख्या आणि त्यांच्या निर्णयांवर येणारा स्थानिक दबाव हे दोषही नोंदणीने दूर होत नाहीत. तथापि गैरवर्तनाबद्दल नोंद रद्द होण्याची तरतूद असल्याने, दबाव आला असता व्यवसायाच्या नियमांवर बोट ठेवून नकार देण्यास निरीक्षकाला आधार मिळतो.

भारत : मुंबईत १९२६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा स्वच्छता निरीक्षक पदविका अभ्यासक्रम महाराष्ट्रातील नगरपालिका व महानगरपालिका यांच्या सेवेत येऊ इच्छिणाऱ्यांना परिचित आहे. पदविका नेमणुकीच्या वेळी एकदाच तपासली जाते. मुदतीने नूतनीकरण करावयाची नोंदणी ही त्याहून वेगळी गोष्ट होय. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाच्या अधिनियमात केंद्रीय व राज्य नोंदपुस्तकांची तरतूद असून, त्याच्या अनुसूचीत पर्यावरण संरक्षण अधिकारी तसेच व्यावसायिक आरोग्य व सुरक्षितता अधिकारी यांचा समावेश आहे. साथ आल्यावर जबाबदार व्यक्ती शोधण्यापेक्षा, ती येण्यापूर्वी पाहणी करणाऱ्याचे ज्ञान पारखून घेणे हे अशा नोंदणीचे प्रयोजन आहे.